पेट्रोलवरचा वेल्डिंग जनरेटर : पाटी वाचा, मग पैसे मोजा



ऊसतोड भरात आलेली असते. फडात ट्रॉली गच्च भरून उभी असते. ट्रॅक्टरनं ओढ घेतली आणि ट्रॉलीच्या दांडीचा जोड उकलला, असा प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांवर आला असेल. वेल्डिंगचं दुकान गावात, गाव चार किलोमीटरवर, भरलेली ट्रॉली जागची हलत नाही आणि फडात वीज नाही. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजनात घटतो, त्याची साखरही उतरते. तोडणीची टोळी बसून राहते. मग कुणीतरी सुचवतं, "पंपाच्या तारेवर आकडा टाकू, दहा मिनिटांत सांधून घेऊ." काम दहा मिनिटांचं खरं, पण त्या दहा मिनिटांत आकडा टाकणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. शिवाय २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे ती चोरीच आहे.

या अडचणीवर उपाय म्हणून पेट्रोल इंजिनावर चालणारा वेल्डिंग जनरेटर हल्ली तालुक्याच्या बाजारातही दिसू लागला आहे. "साहेब, घ्यावा का?" असं मला पुष्कळजण विचारतात. मी शेतकी पदवीधर आहे, वेल्डर नव्हे. पण अवजारं दुरुस्त करण्यात आपले किती दिवस मोडतात ते मी रोज पाहतो. म्हणून या यंत्राची माहिती मिळवली, चालवून पाहिलं, आणि जे कळलं ते आज सांगणार आहे. घ्या किंवा घेऊ नका असं एका वाक्यात मी सांगणार नाही. यंत्रावर जी पत्र्याची पाटी असते, ती वाचायची कशी एवढंच सांगतो. ती वाचता आली की उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

आधी यंत्र म्हणजे काय ते पाहू. पाइपच्या चौकटीत एका बाजूला पेट्रोल इंजिन, आणि त्याच्याच दांड्यावर बसवलेला वीज तयार करणारा अल्टरनेटर. पुढच्या फळीवर दोन प्रकारच्या जोडण्या असतात. एक वेल्डिंगच्या जाड केबलींची, दुसरी आपल्या घरासारखी २३० व्होल्टच्या प्लगची. १३० ते २०० अँपिअरच्या वर्गातलं यंत्र ८० ते १०० किलोच्या आसपास भरतं. 'पोर्टेबल' या शब्दावर भुलू नका. चाकं असतील तर ढेकळातून ओढतानाही दोन माणसं लागतात, आणि ट्रॉलीत चढवायला तिसरा बोलवावा लागतो.

वेल्डिंगची वीज आणि घरातली वीज यांत फरक आहे. उंच टाकीतून बारीक नळीनं आलेलं पाणी जोरानं येतं, पण थोडं येतं. पाटाचं पाणी संथ वाहतं, पण वाफा बघता बघता भरतं. घरातली वीज टाकीच्या पाण्यासारखी, २३० व्होल्टच्या दाबाची, पण दिव्याला-पंख्याला करंट थोडा. वेल्डिंगची वीज पाटाच्या पाण्यासारखी. रॉड पेटलेला असताना दाब फक्त २४-२५ व्होल्ट, करंट मात्र शंभर-सव्वाशे अँपिअर. लोखंड वितळतं ते या करंटनं. म्हणून वेल्डिंगच्या यंत्राचा मोठेपणा अँपिअरमध्ये सांगतात, आणि फसगत होते तीही अँपिअरच्याच आकड्यात.

आता पाटीकडे या. समजा, पाटीवर असे तीन आकडे आहेत : ३५ टक्क्यांला १७० अँपिअर, ६० टक्क्यांला १३० अँपिअर, १०० टक्क्यांला १०० अँपिअर. दुकानात बाहेर लावलेल्या फलकावर यातला एकच आकडा मोठ्या अक्षरांत असतो, १७०. टक्क्यांचा उल्लेख नसतो. हे टक्के म्हणजे ड्यूटी सायकल, आपल्या भाषेत कामाचा वाटा. दहा मिनिटांचा काळ धरायचा. ३५ टक्के म्हणजे त्या दहा मिनिटांत साडेतीन मिनिटं रॉड चालवायचा आणि साडेसहा मिनिटं यंत्राला विसावा द्यायचा. ६० टक्के म्हणजे सहा मिनिटं काम, चार मिनिटं विसावा. १०० टक्के म्हणजे अखंड चालवा, हरकत नाही. म्हणजे या यंत्राचा अखंड कामाचा आकडा १०० आहे, १७० नव्हे.

असं का? अल्टरनेटरच्या तांब्याच्या वेढ्यांतून करंट जातो तेव्हा वेढे तापतात. करंट दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून करंट थोडा वाढवला तरी विसावा पुष्कळ वाढवावा लागतो. याचा ताळा तुम्हाला घरी करता येईल. अँपिअरला अँपिअरनं गुणा, आलेल्या आकड्याला टक्क्यांनी गुणा. १७० गुणिले १७० गुणिले ३५, उत्तर १० लाख ११ हजार ५००. १३० गुणिले १३० गुणिले ६०, उत्तर १० लाख १४ हजार. १०० गुणिले १०० गुणिले १००, उत्तर बरोबर १० लाख. तिन्ही उत्तरं जवळजवळ सारखी आली. म्हणजे पाटी मेळात आहे. उत्तरांत फार अंतर पडलं तर दुकानदाराला त्याचं कारण विचारा. आणि पाटीवर टक्के मुळीच दिलेले नसतील, नुसतं '२०० अँपिअर' असं छापलं असेल, तर त्या आकड्याला किंमत देऊ नका.

आणखी एक. हे आकडे साधारणपणे ४० अंश सेल्सिअस हवा धरून दिलेले असतात. विदर्भात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या घरात जातो. त्या दिवसांत पाटीवर लिहिल्यापेक्षा जास्त विसावा द्या, आणि यंत्र सावलीत, पण मोकळ्या वाऱ्यात ठेवा.

एका गावात अकरा शेतकऱ्यांनी मिळून असं यंत्र घेतलं होतं. फलकावरचा मोठा आकडा पाहून घेतलं. पहिल्याच आठवड्यात रोटाव्हेटरची चौकट सांधायला जाड रॉड लावला आणि जोड पुरा होईपर्यंत हात थांबवला नाही. यंत्रातून धूर निघाला, वॉर्निश जळाल्याचा वास सुटला. वेढे नव्यानं भरून यायला महिना लागला, आणि तो महिना नेमका हंगामाचा. मी गेलो तेव्हा ते सगळे यंत्र विकणाऱ्याला बोल लावत होते. पाटी मी वाचून दाखवली. त्यावर ३५ टक्के स्पष्ट छापलेलं होतं. त्या दिवशी माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही. पण पुढं त्याच मंडळींनी यंत्रावर खडूनं '६ मिनिटं – ४ मिनिटं' असं लिहून ठेवलं, आणि आज ते यंत्र चालू आहे.

आपल्याला किती अँपिअर लागतात, ते रॉडवर ठरतं. वेल्डर मंडळी रॉड गेजनं मागतात. १२ गेज म्हणजे अडीच मिलिमीटर, त्याला साधारण ६० ते ९० अँपिअर लागतात. १० गेज म्हणजे ३.१५ मिलिमीटर, त्याला ९० ते १३०. ८ गेज म्हणजे ४ मिलिमीटर, त्याला १४० ते १८०. पत्रा, पाइप, फाटक, मंडपाचे अँगल ही कामं १२ गेजवर होतात. ट्रॉलीची दांडी, मोगड्याची चौकट, सरी रेजर यांना १० गेज पुरतो. जोड जाड असेल तर एका थरावर दुसरा, तिसरा थर चढवता येतो. ८ गेजचं काम शेतावर क्वचित निघतं, आणि निघालं तर ते दुकानात न्यावं असं माझं मत आहे. तेव्हा पाटीवर शोधायचा आकडा हा : ६० टक्क्यांला १२० ते १३० अँपिअर. तो असला की शेतीच्या कामाला यंत्र पुरेसं आहे. त्याहून मोठ्या यंत्राचे पैसे आणि पेट्रोल दोन्ही वाया.

आता इंजिनाकडे वळू. एवढ्या करंटला किती अश्वशक्ती लागते? हेही गणित सोपं आहे. रॉड पेटलेला असतानाचा दाब काढण्याची रीत अशी : अँपिअरला ०.०४ नं गुणा आणि त्यात २० मिळवा. १३० अँपिअरला ५.२ अधिक २०, म्हणजे २५.२ व्होल्ट. १३० गुणिले २५.२ म्हणजे ३,२७६ वॅट. ७४६ वॅटचा एक एचपी, म्हणून भागाकार केला की ४.४ एचपी. हे झालं फक्त रॉडच्या टोकाशी. अल्टरनेटरमध्ये आणि केबलीत बरीच शक्ती उष्णता होऊन जाते, आणि इंजिन सतत शेवटच्या दमावर चालवायचं नसतं. म्हणून या कामाला दहा ते तेरा एचपीचं, ३९० सी.सी.च्या आसपासचं इंजिन बसवतात.

याच गणितानं थाप पकडता येते. समजा, साडेसहा एचपीच्या छोट्या इंजिनाचं यंत्र दाखवून कुणी '२०० अँपिअर' म्हणालं. २०० अँपिअरला दाब २८ व्होल्ट. २०० गुणिले २८ म्हणजे ५,६०० वॅट, म्हणजे साडेसात एचपी नुसत्या रॉडच्या टोकाशी. साडेसहा एचपीच्या इंजिनातून साडेसात एचपी निघणार कुठून? शाळेत जाणाऱ्या मुलाला सोबत न्या, दुकानातच हिशेब करून घ्या.

इंजिनाची अश्वशक्तीही नीट वाचली पाहिजे. पुष्कळ इंजिनांवर ती मिनिटाला ३,६०० फेऱ्यांची दिलेली असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. साध्या दोन पोलांच्या अल्टरनेटरमधून ती मिळवायची तर इंजिन ३,००० फेऱ्यांवर चालवावं लागतं, आणि फेऱ्या उतरल्या की शक्तीही उतरते. शिवाय समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला इंजिनाची शक्ती साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणजे तिथं सहा-साडेसहा टक्के कमी. कोकणात ही घट नाही. महाबळेश्वराकडच्या स्ट्रॉबेरीवाल्यांनी मात्र पंधरा टक्के वजा धरूनच चालावं. परदेशात वापरायला केलेलं ६० हर्ट्झचं यंत्र स्वस्तात मिळतं म्हणून घेऊ नका. पाटीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ हे दोन्ही असलेच पाहिजेत.

वेल्डिंगची वीज एसी की डीसी, हेही पाटीवर असतं. नेहमीचा ६०१३ जातीचा रॉड दोन्हीवर चालतो. पण डीसीवर आर्क स्थिर राहतो, बारीक काम सुबक होतं. मोगड्याचे दात, शाफ्ट, स्प्रिंगचे पाटे हे कडक पोलादाचे असतात. त्यांना ७०१८ जातीचा रॉड डीसीवर, होल्डर धन टोकाला जोडून वापरतात. हा रॉड ओला झाला तर जोडाला पुढं भेगा जातात, म्हणून त्याचा पुडा कोरड्या डब्यात ठेवा. बिडाचे भाग, म्हणजे पंपाचं केसिंग वगैरे, साध्या रॉडनं सांधू नका. जोड थंड होताना शेजारून तडकतो. ते काम निकेलच्या रॉडनं, भाग तापवून, जाणत्याकडूनच करून घ्यावं.

आता तुम्ही म्हणाल, "वेल्डिंग वर्षातून चार वेळा. बाकीच्या वेळी या यंत्रावर पंप चालवू की." इथंच मोठी चूक होते. पाटीवर प्लगच्या विजेचेही दोन आकडे असतात, एक कमाल आणि एक अखंड. कमाल आकडा काही क्षणांपुरता असतो, हिशेबाला धरायचा तो अखंडचाच. तो समजा ४ किलोवॅट आहे. तीन एचपीची सिंगल फेज मोटर चालू झाल्यावर तीन किलोवॅटच्या आसपास ओढते, म्हणजे कागदावर जमतं. पण मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सातपट करंट ओढते. त्या झटक्यात जनरेटर दबतो, दाब पडतो, मोटर नुसती गुणगुणते आणि तापते. दोन्ही यंत्रं बिघडतात. पाच एचपीचा पंप असेल तर प्रश्नच नको. तो बहुधा थ्री फेजचा असतो, आणि ही वीज सिंगल फेज. तेव्हा पंपासाठी म्हणून हे यंत्र घेऊ नका. ग्राइंडर, ड्रिल मशीन, चार दिवे, पॅकिंगच्या शेडमधले पंखे यांना ते छान चालतं. मात्र रॉड चालू असताना प्लगवर भार टाकू नका. इंजिन एकच, आणि त्याची शक्ती दोघांत वाटली जाते.

पेट्रोलच्या खर्चाचा हिशेब असा. एक लिटर पेट्रोलमध्ये आठ-नऊ युनिट विजेइतकी उष्णता असते. लहान इंजिन आणि अल्टरनेटर मिळून त्यातलं दीड-दोन युनिट आपल्या हाती देतात, बाकी सायलेन्सरवाटे आणि थंडाव्याच्या पंख्यावाटे जातं. तेव्हा पंपावरचा आजचा पेट्रोलचा भाव दोननं भागा, तो झाला तुमच्या एका युनिटचा कमीत कमी भाव, आणि लाइनच्या विजेशी ताडून पाहा. यातून खर्च वाचवायचा एकच मार्ग आहे. रॉड बंद असला तरी इंजिन पूर्ण फेऱ्यांवर चालतच असतं. म्हणून आधी सगळी तयारी करा. तुकडे कापून, गंज घासून, पकडीत धरून ठेवा, आणि मगच दोरी ओढा. काही यंत्रांत काम थांबलं की फेऱ्या आपोआप उतरवण्याची सोय असते. तिच्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी ते परत मिळतात.

पेट्रोलबद्दल आणखी एक सांगायचं राहिलं. २०२३ पासून आपल्या देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विकायला सुरुवात झाली, आणि २०२५ मध्ये मिश्रण त्या प्रमाणापर्यंत पोचलं. त्यात आपल्या उसाचंही इथेनॉल आहे, ही ऊसवाल्यांना बरी वाटणारी गोष्ट. पण इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. टाकीत पेट्रोल महिनोन् महिने ठेवलं तर पाणी तळाशी बसतं, कार्बुरेटर गंजतो, आणि ऐन वेळी इंजिन सुरू होत नाही. पुष्कळ छोट्या इंजिनांच्या माहितीपुस्तकात १० टक्क्यांपर्यंतचंच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. घेताना हे पान उघडून वाचा आणि २० टक्के चालेल असं पुस्तकात लिहिलेलं यंत्र निवडा. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, आणि उरलेलं पेट्रोल इंजिन चालवून संपवा, म्हणजे कार्बुरेटर कोरडा होईल.

तेलाचं थोडक्यात. या वर्गाच्या इंजिनात एक लिटरहून किंचित जास्त तेल बसतं. पहिलं तेल २० तासांनंतर बदलायचं, कारण नव्या इंजिनाचा कीस त्यात उतरलेला असतो. पुढं दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा. तेल पाहताना यंत्र सपाट जागेवर हवं. बांधावर तिरकं ठेवून पाहिलेलं तेल खरं नव्हे. फडात धूळ फार, तेव्हा एअर फिल्टर आठवड्याला उघडून बघा.

आता जिवाच्या गोष्टी. यातल्या दोन मी सावकाश सांगतो.

पहिली म्हणजे धूर. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा जो भाग आहे, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला डोकं जड वाटतं, मळमळतं, झोप आल्यासारखं होतं, आणि तो तिथंच बसतो. पाऊस आला म्हणून, चोरी होईल म्हणून, आवाज नको म्हणून जनरेटर गोठ्यात, पंपाच्या खोलीत, शटर ओढलेल्या दुकानात चालवू नका. खिडकी उघडी ठेवली म्हणून भागत नाही. घरापासून निदान वीस फूट लांब, धुराचं तोंड घराकडे नसेल असं ठेवा. विहिरीत उतरवून तर कधीच चालवू नका. विहिरीत वेल्डिंग करायचं असेल तर यंत्र वर ठेवा आणि केबल खाली सोडा. कुणाला भोवळ आली तर आधी त्याला उघड्यावर आणा आणि लगेच दवाखान्यात न्या. मात्र स्वतः धावत विहिरीत उतरू नका. एकामागोमाग जाणारे दोघं-तिघं असेच जातात.

दुसरी गोष्ट उलट्या विजेची. एका वस्तीवर मी एक वायर पाहिली, तिच्या दोन्ही टोकांना पिना होत्या. लाइन गेली की एक टोक जनरेटरच्या प्लगमध्ये, दुसरं घरातल्या प्लगमध्ये, आणि सगळं घर उजळतं. घरातला कर्ता मोठ्या कौतुकानं मला ती युक्ती दाखवत होता. मी विचारलं, "दादा, मेन स्विच बंद केलाय का?" तो म्हणाला, "कधी लक्षात राहतं, कधी नाही." बंधूंनो, मेन स्विच चालू राहिला तर तुमच्या जनरेटरची वीज मीटरमधून उलटी खांबावर चढते. खांबावरून ती डीपीवर जाते. डीपीतला ट्रान्सफॉर्मर एरवी ११ हजार व्होल्टचे २३०-२४० करतो, तो आता उलटा चालतो आणि तुमच्या २३० चे जवळपास ११ हजार करतो. तिथं खांबावर तुमच्याच गावचा वायरमन, लाइन बंद आहे असं समजून, तारेला हात घालत असतो. लाइन का गेली हे पाहायलाच तो चढलेला असतो. ती वायर मी त्या घरी तिथल्या तिथं कापायला लावली. चहा न घेता निघालो, याचं नंतर मला वाईट वाटलं. पण पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा तेच करीन. जनरेटर घराला जोडायचा असेल तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. त्यात एका वेळी एकच बाजू जोडली जाते, विसरण्याचा प्रश्न राहत नाही.

बाकीचं थोडक्यात. वेल्डिंगची काच १० किंवा ११ नंबरची हवी. गॉगल चालत नाही. आर्क उघड्या डोळ्यांनी पाहिला तर त्या वेळी काही कळत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. अशा वेळी डोळ्यांत कुणी दूध घालतं, कुणी वर बटाट्याची चकती ठेवतं. डोळ्यांत काहीही घालू नका, डॉक्टरांना दाखवा. पोरं तमाशा बघायला जमतात, त्यांना आधी लांब करा. जीआय पाइप सांधताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला तर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. जोडाच्या जागचं जस्त आधी घासून काढा आणि वाऱ्याच्या पाठीशी बसा. डिझेलची, पेट्रोलची किंवा औषधाची रिकामी टाकी सांधायला घेऊ नका. रिकामी दिसते तेव्हाच ती जास्त धोक्याची, कारण आत वाफ भरलेली असते. फडात काम करताना चहूबाजूंचं पाचट ओढून काढा, पाण्याची घागर आणि ओलं पोतं जवळ ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका, पाचटात पडलेली ठिणगी बराच वेळ आतल्या आत धुमसते. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून थंड होऊ द्या. ट्रॅक्टरवरच काही सांधायचं असेल तर बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवा आणि अर्थची पकड जोडाच्या अगदी जवळ लावा. लांब लावली तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंग खराब होतं.

तर मग घ्यावा का? ज्याच्या खळ्यावर बऱ्यापैकी वीज आहे आणि अवजार तिथवर आणता येतं, त्यानं घेऊ नये. त्याला विजेवर चालणारा साधा इन्व्हर्टर वेल्डिंग सेट बस्स आहे. पाच-सहा किलो वजनाचा, किमतीला या यंत्राच्या कितीतरी खाली. घरी आधीच जनरेटर आहे, त्याच्यावर तो सेट चालेल का, असं कुणी विचारेल. १०० अँपिअरला रॉडच्या टोकाशी २,४०० वॅट लागतात. सेटमधली गळती आणि पॉवर फॅक्टर धरला तर जनरेटर सव्वाचार केव्हीएच्या वरचा हवा. दोन केव्हीएच्या जनरेटरवर हा प्रयोग करू नका.

ज्यांची अवजारं आणि ट्रॉल्या घरापासून लांब रानात चालतात, असे दहा-बारा शेतकरी एकत्र येत असतील, किंवा गावातला एखादा तरुण वेल्डिंग शिकलेला असेल आणि फडावर जाऊन भाड्यानं काम करणार असेल, त्यांना हे यंत्र उपयोगी पडेल. गटानं घेतलं तर चालवणारा एकच माणूस ठरवा. अकरा जणांनी दोरी ओढली की यंत्राला धनी राहत नाही.

घ्यायला जाताना १० गेजच्या रॉडचा पुडा आणि घरचं एक जाड लोखंड सोबत न्या. दुकानदाराला यंत्र चालू करायला सांगा. पाटीवर ६० टक्क्यांला जो आकडा आहे, त्यावर करंट लावा आणि घड्याळ लावून सहा मिनिटं काम करून घ्या. रॉड बदलायला लागेल तेवढाच खंड. मग चार मिनिटं थांबून पुन्हा सहा मिनिटं. इंजिन दबतंय का, आर्क तुटतोय का, जळका वास येतोय का, हे स्वतः पाहा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान बघा. पाटीचा फोटो मोबाइलमध्ये काढून घ्या, कारण पाटी उन्हानं पुसट होते. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या, रीकॉइलची दोरी, फिल्टर आणि ब्रश तालुक्यात मिळतात का ते विचारा. आणि यंत्राच्या चौकटीला एक वही बांधा, तीत रोजचे तास लिहा. पहिलं तेल २० तासांना बदलायचं आहे.